रडारचा धोका गावाला की आत काम करणाऱ्याला?

अजिंक्यताऱ्याखालून
मांढरदेवच्या डोंगरावर पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं हवामान रडार बसवलं होतं, त्यामुळं रडार आपल्या सातारा जिल्ह्याला नवं नाही. पण विषय निघाला की सगळे विचारतात ते गावाला धोका आहे का, एवढंच. माझ्या मते खरी काळजी ट्रान्समीटरचं कपाट उघडणाऱ्या तंत्रज्ञाची करायला हवी. समजा स्पंदाच्या क्षणी २५० किलोवॅट सोडणारं रडार आहे. एक मायक्रोसेकंदाचा स्पंद, असे सेकंदाला हजार. म्हणजे सरासरी २५० वॅट, आणि झोत आकाशाकडं. आत मात्र मॅग्नेट्रॉनला, म्हणजे लहरी तयार करणाऱ्या ट्यूबला, हजारो व्होल्ट लागतात. दार उघडताच पुरवठा तुटावा म्हणून इंटरलॉक असतो. तो बायपास करून काम करायला सरळ बंदी हवी.

वाईकर_आई
सरासरी सांगून आमचं समाधान होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०११ मध्ये रेडिओ लहरींना '२ब', म्हणजे कर्करोगाची शक्यता असलेल्या गटात टाकलं. मोबाइल टॉवरची मर्यादा आपल्या सरकारनं २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिश्शावर आणली. मग रडारजवळचं मोजमाप ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायला काय हरकत आहे?

अजिंक्यताऱ्याखालून
काहीच नाही, तसा अर्ज करा, मीही सही करतो. फक्त पवनचक्क्यांमुळं पाऊस पळतो असं आपल्याकडं पुराव्याविना किती बोललं गेलं, तेही आठवा.

सर्व्हिस_कोरेगाव
बंदी म्हणणं सोपं आहे. आर्किंग, म्हणजे आत ठिणग्या उडणं, नेमकं कुठं होतंय ते दार लावून दिसत नाही. ऐन पावसाळ्यात रडार बंद पडलं की वरून फोनवर फोन. लष्करी यंत्रांत तर इंटरलॉक बाजूला ठेवायला वेगळा स्विचच दिलेला असतो.

माजी_रडार_मेकॅनिक
स्विच असतो, खरं आहे. पण तो ऐन लढाईत यंत्र बंद पडू नये म्हणून. दुरुस्तीच्या सोयीसाठी नव्हे.

दार उघडं आणि ट्यूब चालू असली तर प्रश्न नुसत्या शॉकचा राहत नाही, क्ष-किरणही बाहेर पडू शकतात. अँटेनाच्या लहरी शरीर तापवतात. डोळ्याच्या भिंगात रक्तवाहिन्या नसतात, उष्णता लवकर निघत नाही, म्हणून मोतीबिंदूची भीती. क्ष-किरणांची जातच वेगळी, ते पेशीतल्या डीएनएला इजा करतात. जर्मन सैन्यात जुन्या रडारवर काम केलेले लोक आजारी पडले, तेव्हा तज्ज्ञांचा आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल २००३ मध्ये आला आणि त्यात भर होता तो या क्ष-किरणांवरच.

आणि पुरवठा बंद केला म्हणजे झालं, असंही नाही. वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये भार शिल्लक असतो. आधी अर्थिंगच्या दांड्याची वायर चासीला, म्हणजे यंत्राच्या धातूच्या सांगाड्याला, घट्ट आवळायची, मग दांड्याचा हूक कपॅसिटरच्या टर्मिनलला टेकवायचा. ठिणगी उडते. थोडं थांबून पुन्हा टेकवायचा, कारण भार परत चढतो. हूक तिथंच अडकवून ठेवायचा आणि मगच हात आत. आमच्याकडून हे रोज घोकून घेतलं जायचं, आणि शेजारी दुसरा माणूस असल्याशिवाय कपाट उघडायची परवानगी नव्हती.

सर्व्हिस_कोरेगाव
दुसरा माणूस आणायचा कुठून? साइटवर मी एकटाच असतो. दुसऱ्यासाठी काम थांबवून राहिलो तर दंड आमच्या बिलातून कापला जातो.

अजिंक्यताऱ्याखालून
म्हणजे भांडण तुमच्याशी नाहीच, करार करणाऱ्यांशी आहे. देखभालीच्या निविदेतच दोन माणसं लिहा, आणि सुरक्षेसाठी काम थांबलं तर दंड नको. बंदीचा मुद्दा मी सोडत नाही.

वाईकर_आई
दोन माणसांना माझा पाठिंबा. फळ्यावरच्या आकड्यांचा अर्ज मात्र मी येत्या ग्रामसभेत देणार आहे.