काम दिल्यानंतर वाढलेलं काम : युरोपीय संघात फेरनिविदा कधी लागते?

(मंचावरची चर्चा; पायाभरणी, दरपत्रक, कलमकसाई आणि मोजमापवही ही सदस्यांची टोपणनावं.)

पायाभरणी (प्रश्न)

युरोपीय संघातल्या एका नगरपालिकेचा रुग्णालय बांधणीचा करार आहे. मूळ किंमत ८० लाख युरो, खुल्या निविदेतून दिलेला. काम सुरू झाल्यावर चार गोष्टी पुढे आल्या आहेत.

१) खोदाईत जुनी गाडलेली तेलाची टाकी आणि दूषित माती सापडली. जादा खर्च ११ लाख.
२) नगरपालिकेला आता प्रयोगशाळेची वेगळी इमारत हवी आहे. ९ लाख.
३) खर्च आटोक्यात दिसावा म्हणून बागकाम आणि कुंपणाचं ३ लाखांचं काम वगळायचं.
४) चार महिने मुदतवाढ, दंड न लावता.

नगरपालिका म्हणते, एकच पूरक करार करून टाकू, निव्वळ वाढ १७ लाख, म्हणजे कायद्यातल्या ५० टक्क्यांच्या मर्यादेच्या खूप आत. हे चालेल का?

दरपत्रक

५० टक्क्यांच्या आत आहे ना, मग चालायला हरकत नाही. फक्त सूचना प्रसिद्ध करा.

कलमकसाई

नाही, असं नाही चालत. ५० टक्के ही सरसकट सूट नव्हे. डायरेक्टिव्ह २०१४/२४ (युरोपीय संघाचा सरकारी खरेदीचा कायदा) च्या कलम ७२ मध्ये ती मर्यादा दोनच कारणांना जोडलेली आहे: मूळ कंत्राटदाराकडूनच करून घ्यावं लागणारं आवश्यक जादा काम, आणि अनपेक्षित परिस्थिती. आधी कारण सिद्ध करायचं, टक्केवारी नंतर. त्यामुळे चार बदलांची मोट बांधून एक आकडा काढू नका. प्रत्येक बदलाला त्याचा स्वतःचा आधार शोधा.

टाकी: इथे ७२(१)(सी), म्हणजे ‘दक्ष प्राधिकरणालाही आधी कळू शकली नसती अशी परिस्थिती’. टाकी सापडली एवढ्यावर हे सिद्ध होत नाही. निविदेआधी जमीन तपासायला किती बोअर घेतले, कुठे घेतले, जागेचा पूर्वीचा वापर तपासला का, हे सगळं विचारलं जातं. पालिकेच्याच दप्तरात टाकी दाखवणारा जुना नकाशा निघाला तर हा आधार गेला. मात्र तयारीवर किती खर्च करणं वाजवी होतं हेही पाहतात. ८० लाखांच्या कामासाठी दर मीटरला बोअर घ्यावा अशी कुणाची अपेक्षा नसते.

प्रयोगशाळा: लोक हमखास ७२(१)(बी) लावायला जातात. त्यात दोन अटी एकत्र पूर्ण व्हाव्या लागतात. आर्थिक किंवा तांत्रिक कारणांमुळे दुसरा कंत्राटदार आणता येत नाही, आणि आणला तर मोठी गैरसोय होईल किंवा बराचसा खर्च पुन्हा करावा लागेल. ‘क्रेन आधीच साइटवर आहे’ एवढ्याने भागत नाही. सुटी इमारत दुसरा कुणीही बांधू शकतो, म्हणून माझ्या मते (बी) इथे टिकणार नाही.

तिथे ७२(२) बघा, किरकोळ बदलाची मुभा. बांधकामाला मूळ किमतीच्या १५ टक्क्यांपेक्षा कमी, सेवा आणि पुरवठ्याला १० टक्क्यांपेक्षा कमी, शिवाय युरोपीय निविदेच्या उंबरठ्यापेक्षाही (ज्या रकमेपासून हे युरोपीय नियम लागू होतात) कमी. दोन्ही अटी हव्यात, आणि कराराचं एकूण स्वरूप बदलता कामा नये. २०२४-२५ साठी बांधकामाचा उंबरठा ५५,३८,००० युरो होता. तो दर दोन वर्षांनी बदलतो, चालू आकडा बघून घ्या. तुमच्या करारात १५ टक्के म्हणजे १२ लाख. ९ लाख आत बसतात. पण हा हिशोब लागोपाठच्या बदलांचा एकत्रित असतो, त्यामुळे टाकीचे ११ लाखही याच खात्यात टाकलेत तर २० लाख, म्हणजे २५ टक्के, आणि सगळंच बाहेर. म्हणून टाकीचा आधार (सी) वर भक्कम करणं एवढं महत्त्वाचं.

पायाभरणी

करारात दरवाढीचं कलम आहे. त्यानुसार आजची किंमत ८४ लाख झाली आहे. टक्केवारी कशावर काढायची?

कलमकसाई

८४ वर. ७२(३) तेच सांगतं: करारात निर्देशांकाशी जोडलेलं कलम असेल तर अद्ययावत किंमत हा आधार. मर्यादा १२.६ लाख होते. दरवाढीला स्वतंत्र परवानगीही लागत नाही, कलम निविदेतच स्पष्ट आणि निःसंदिग्ध असेल तर. ‘उभयपक्षी चर्चेने दर सुधारता येतील’ असं मोघम लिहिलेलं असेल तर ते कलम नसल्यात जमा.

मोजमापवही

वगळलेल्या कामाबद्दल कुणी बोललं नाही. काम कमी केलं की विचारायला कोण येतंय, हा समज चुकीचा आहे. युरोपीय न्यायालयाने २०१६ च्या फिन फ्रोग्ने निकालात, डेन्मार्कच्या आपत्कालीन संपर्क यंत्रणेच्या करारात, सांगितलं की वाद मिटवण्यासाठी व्याप्ती घटवणं हासुद्धा मोठा बदल ठरू शकतो. छोटं काम असतं तर छोट्या कंपन्याही निविदा भरू शकल्या असत्या. ८० लाखांत ३ लाख वगळल्याने एवढं काही होणार नाही, पण वजाबाकी दाखवून वाढ झाकू नका. वाढीच्या मर्यादा वाढीवरच तपासा, कपात वेगळी लिहा.

पैशाचा आकडा तोच राहिला तरी अडचण येते. २००४ चा सुक्की दी फ्रुत्ता निकाल वाचण्यासारखा आहे. कंत्राटदारांना मोबदला म्हणून सफरचंदं किंवा संत्री द्यायची ठरली होती, नंतर युरोपीय आयोगाने पीच घ्यायला परवानगी दिली. हरलेली कंपनी न्यायालयात गेली आणि जिंकली.

कलमकसाई

मुदतवाढीवर शेवटचं. २०२३ च्या रझग्राद (बल्गेरियातली नगरपालिका) निकालानुसार नेहमीचं खराब हवामान किंवा आधीच जाहीर असलेली कामबंदी अनपेक्षित मानली जात नाही. आणि ‘पूरक करारावर सही झालीच नाही, मग बदल कुठला?’ हा बचावही तिथेच गेला. ईमेल किंवा इतर लेखी पत्रव्यवहारातून दोघांची संमती दिसली की बदल झाला. त्यामुळे टाकीमुळे खरोखर किती दिवस गेले हे कामाच्या वेळापत्रकावर दाखवा, तेवढीच वाढ द्या. बाकीचे दिवस कंत्राटदाराच्या दिरंगाईचे असतील तर त्यावरचा दंड माफ करणं म्हणजे आर्थिक तोल त्याच्या बाजूला झुकवणं.

सूचना: (बी) आणि (सी) साठी युरोपीय राजपत्रात बदलाची सूचना सक्तीची आहे. ७२(२) साठी डायरेक्टिव्ह ती मागत नाही, देशाचा कायदा मागत असेल तर बघा. जर्मनीत कलम ७२ चे नियम जीडब्ल्यूबी (स्पर्धाविषयक कायदा) च्या कलम १३२ मध्ये आहेत. (सी) चा आधार डळमळीत वाटत असेल तर काम देण्याआधी स्वेच्छेने पूर्वसूचना टाकून किमान १० दिवस थांबा, म्हणजे करार निष्प्रभ ठरवला जाण्याचा धोका बराच उतरतो. आणि कारणमीमांसेची टिपणी आदेश देण्याआधीच्या तारखेची हवी.