पार्ट ‘बसतो’, ‘लागतो’ की ‘चालतो’?

खानापूरकर
मंडळी एक शब्द पाहिजे होता. आतेभाऊ टेक्सासला असतो, तिकडं रायफल आपल्या आपण जोडायची हौस लई जणांना, अॅक्शन (काडतूस भरायची-उडवायची यंत्रणा) एका कंपनीची, नळी दुसऱ्याची, दस्ता (खांद्याला टेकवायचा भाग) तिसऱ्याचाच. त्याची रेमिंग्टन ७०० आहे, बोल्ट अॅक्शनची, म्हणजे हातानं बोल्टची दांडी मागंपुढं करून काडतूस भरायची, परवा व्हिडिओ कॉलवर आजोबांना दाखवालता. आजोबा मराठा लाईट इन्फंट्रीतनं सुभेदार म्हणून रिटायर झालेले. तो म्हणाला हा ‘कंपॅटिबल आफ्टरमार्केट पार्ट’, आजोबा म्हणाले मराठीत सांग. मी ‘सुसंगत’ म्हटलं तर म्हणतात, रायफल आहे की भजनी मंडळ. मग काय म्हणायचं ओ?

लेथवाला_उद्यमबाग
सुसंगत हा कॉम्प्युटरवाल्यांचा शब्द, शॉपमधे कोण बोलत नाही. आमच्याकडं तीन वेगळी क्रियापदं आहेत आणि तिन्हीची गल्लत केली की गिऱ्हाईक परत येतंय भांडायला. ‘लागतो’ म्हणजे त्या मॉडेलला तोच पार्ट. ‘बसतो’ म्हणजे भोकाला भोक आलं, आटे धरले, एवढंच. ‘चालतो’ म्हणजे दुसऱ्या मेकचा असला तरी काम देतोय. ‘बसतंय पण चालत नाही’ हे वाक्य आम्ही दिवसभर म्हणतोय की.

टिळकवाडीकर
रायफलीत याचं चांगलं उदाहरण म्हणजे नळी. आटे जुळले, नळी बसली, म्हणून काम झालं असं नाही, हेडस्पेस बघाय लागतं, म्हणजे बोल्ट बंद झाल्यावर काडतुसाला चेंबरात मागंपुढं किती जागा राहते ते. त्याला दोन गेज असतात, ‘गो’ घातल्यावर बोल्ट बंद व्हायलाच पाहिजे आणि ‘नो-गो’ घातल्यावर बंद होता कामा नये. रेमिंग्टन ७०० मधे रिकॉइल लग, म्हणजे उडवल्यावरचा धक्का दस्त्यावर देणारा पोलादी तुकडा, नळी आणि रिसीव्हरच्या (बोल्ट ज्यात सरकतो तो सांगाडा) मधे चेपून बसतो, त्यामुळं कोणी बाहेरचा जाड लग घातला की नळी तेवढी पुढं सरकते आणि हेडस्पेस वाढतं. लगही बसला, नळीही बसली, पण चालत नाही. हे काम तिकडंही गनस्मिथकडनंच करून घेतात शहाणी माणसं.

खानापूरकर
मग ‘जुळणारा पार्ट’ म्हटलं तर?

टिळकवाडीकर
मला पटत नाही. जुळणं दोन्ही बाजूंनी असतं, पत्रिकेसारखं. कंपॅटिबल बऱ्याचदा एकाच बाजूनं असतं. स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, बसवायची पट्टी (रेल) बघा, तिचे दोन प्रकार, पिकॅटिनी रेलची खाच ५.२३ मिमी रुंद, जुन्या वीव्हरची ४.५७. वीव्हरचा क्लॅम्प पिकॅटिनीवर जातो, पण पिकॅटिनीचा जाड आडवा बार वीव्हरच्या खाचेत उतरतच नाही. आणि वीव्हरचा क्लॅम्प गेला तरी खाचेत थोडा प्ले राहतो, म्हणून स्क्रू आवळायच्या आधी क्लॅम्प नळीच्या बाजूला पुढं दाबून धरतात, म्हणजे धक्क्यानं सरकत नाही. आता याला जुळलं म्हणायचं का?

निपाणीची_ताई
कन्नडमधे ‘होंदतैति’ म्हणतात, त्यात जुळणं आणि जमवून घेणं दोन्ही येतं. आणि सुट्या भागाला ‘बिडिभाग’, बिडि म्हणजे सुटं. म्हणजे आपलाच शब्द पलीकडं गेला की तिकडचा इकडं आला, का दोघांनी आपापला केला, देव जाणे.

लेथवाला_उद्यमबाग
‘आफ्टरमार्केट’ राहिलंच. कोणीतरी ‘डुप्लिकेट’ लिहिणार त्याच्या आधी सांगतो, डुप्लिकेट म्हणजे कंपनीच्या नावाचा शिक्का मारून खपवलेला खोटा माल. आफ्टरमार्केटवाला स्वतःच्या नावानं विकतो आणि कधीकधी कंपनीपेक्षा सरस असतो. ‘लोकल’ पण नको, त्याला हलक्याचा वास येतोय. ‘बाहेरच्या मेकचा’ म्हणा.

शहापूरचा_बाळू
दस्त्याला आमचे आजोबा ‘कुंदा’ म्हणायचे. बेळगावात राहून कुंदा म्हटल्यावर मिठाई सोडून कोणाच्या डोळ्यापुढं बंदूक येतेय सांगा 😄 आणि एक, सगळे ट्रिगरला घोडा म्हणतात. बोटानं ओढतो तो चाप, आपटतो तो घोडा. बोल्ट अॅक्शनला बाहेर घोडा नसतोच, आत फायरिंग पिन असते. त्यामुळं ‘बाहेरच्या मेकचा घोडा बसवला’ लिहू नका, चाप लिहा.

हिंडलगेकर_वकील
विषय निघालाय म्हणून, हे सगळं तिकडचं. आपल्याकडं १९५९ च्या आर्म्स अॅक्टात ‘आर्म्स’च्या व्याख्येतच हत्याराचे भागही धरलेत. सुटा भाग म्हणून कोणी सुटत नाही. हौसेनं ऑनलाइन नळी मागवायच्या भानगडीत पडू नका.

खानापूरकर
बरं, मग आजोबांना असं सांगतो, ‘बाहेरच्या मेकचा, पण ७०० ला चालणारा पार्ट’. आणि तो चाप ‘ड्रॉप-इन’ आहे म्हणालता, त्याला काय?

लेथवाला_उद्यमबाग
न घासता बसणारा. पाकिटावर सगळेच तसं लिहितात. तरी बसवल्यावर रिकाम्या रायफलीवर सेफ्टी चालू-बंद करून बघ म्हणावं, बोल्ट जोरात मिटला तर चाप आपोआप सुटत नाही ना तेही बघ. सुटत असला तर तो नुसता बसलाय.