नववीतल्या मुलाची अभ्यासाची बैठक कशी बसवू? मदत हवी आहे

नमस्कार, माझा मुलगा नववीत आहे, स्टेट बोर्ड, मराठी माध्यम. आठवीपर्यंत बरं चाललं होतं पण यंदा पहिल्या घटक चाचणीत भूमितीत २० पैकी ६ मिळाले आणि तेव्हापासून त्याने मनच काढून घेतलंय. रोज सातला बसतो, तारीख टाकतो, लाल पेनने सरावसंच ३.२ असं लिहून पट्टीने रेघ मारतो आणि पुढे तासभर पान कोरंच. त्रिकोणांच्या एकरूपतेच्या कसोट्या, बाकोबा (बाजू-कोन-बाजू), कोबाको (कोन-बाजू-कोन) सगळं तोंडपाठ आहे हो, पण आकृती समोर आली की कुठली लावायची ते सुचत नाही, मग "मला जमणारच नाही" म्हणतो, ते ऐकवत नाही.

आधी मी ओरडले, मोबाईल काढून घेतला, काही उपयोग झाला नाही, उलट बोलणंच कमी झालं. आता आठवडाभर मी शेजारी बसते, २५ मिनिटं आणि दोनच उदाहरणं, आणि पुस्तक मिटून प्रमेय स्वतःच्या शब्दात मलाच समजावायला लावते. काल एक पूर्ण सोडवलं, चेहरा खुलला होता त्याचा!

पण मी शेजारून उठले की गाडी परत तिथेच. पुढच्या वर्षी बीजगणित आणि भूमिती ४०-४० मार्कांचे पेपर आहेत. तो स्वतःहून बसावा यासाठी तुम्ही घरी काय केलंत? सकाळची वेळ बरी की संध्याकाळची? क्लास लावू की आधी सातवी-आठवीचा पाया पक्का करून घेऊ? शिक्षक असतील तर प्लीज सांगा.