मदत हवी आहे: राज्य म्हणजे नक्की कुठलं राज्य?

नमस्कार मंडळी, कॉमर्स करून नोकरीला लागले, आता बाहेरून राज्यशास्त्रात एमए करतेय आणि परीक्षा महिन्यावर आलीय तरी पहिल्याच युनिटात अडकलेय. पुस्तकात राज्याचे चार घटक दिलेत, लोकसंख्या, भूप्रदेश, शासन, सार्वभौमत्व. मग महाराष्ट्र राज्य आहे की नाही?? माणसं आहेत, जमीन आहे, सरकारपण असतं बहुतेक वेळा :) पुढच्या पानावर मॅक्स वेबर (जर्मन समाजशास्त्रज्ञ) म्हणतो राज्य म्हणजे बळाच्या वापराची मक्तेदारी, तर पोलीस राज्य सरकारच्याच हाताखाली असतात ना? आणि सत्ता-अधिसत्ता तर चारदा वाचलं, "अधिमान्यता असलेली सत्ता म्हणजे अधिसत्ता" हे पाठ झालंय, कळलं शून्य. गाईड सुचवू नका प्लीज, दोन आहेत, दोन्हीत तीच वाक्यं.

प्रतिसाद १
ताई, घोळ शब्दाचा आहे, तुमचा नाही. पुस्तकातलं राज्य म्हणजे राज्यसंस्था, भारतासारखी सार्वभौम, पेन्सिलीने पुढे "संस्था" लिहूनच टाका. महाराष्ट्र हे घटकराज्य, त्याच्याकडे चौथा घटक नाही. १९५६ ला संसदेने द्वैभाषिक मुंबई राज्य केलं, १९६० ला तेच मोडून महाराष्ट्र आणि गुजरात केले. आंदोलन झालं, लोकांनी जीव दिले, ते खरंच, पण कायदा शेवटी दिल्लीत झाला, कारण राज्यघटनेच्या कलम ३ प्रमाणे सीमा आणि नाव बदलायचा अधिकार संसदेचा, विधिमंडळाचं मत मागवतात पण ते बंधनकारक नसतं. भारताच्या बाबतीत असं वरून ठरवणारं कोणी नाही, हेच सार्वभौमत्व. पोलीस राज्यसूचीत (राज्यांना दिलेल्या विषयांच्या यादीत) आहेत, पण ती सूचीसुद्धा राज्यघटनेनेच दिलीय. आणि शासन निवडणुकीत बदलतं, राज्यसंस्था तीच राहते. (कलम १२ मधलं "राज्य" मात्र अजून तिसरंच, त्यात जिल्हा परिषदपण येते, ते आत्ता वाचू नका.)

प्रतिसाद २
अधिसत्तेसाठी गावचा पाटील घ्या. पूर्वी पाटीलकी वतनाची, बापाकडून मुलाकडे, लोक ऐकायचे कारण पहिल्यापासून तसंच चालत आलेलं, ही वेबरची पारंपरिक अधिसत्ता. आता पोलीस पाटील १९६७ च्या कायद्याखाली नेमला जातो, त्याचं ऐकतात ते नेमणुकीच्या कागदामुळे, आडनाव काहीही असो, ही कायदेशीर. तिसरी करिष्म्याची, नेत्याच्या एका शब्दावर लोक रस्त्यावर येतात ती, आणि ती सगळ्यात कच्ची, माणूस गेला की वारस कोण यावर भांडणं सुरू. आता दुकानदाराकडून हप्ता घेणारा गुंड बघा, त्याचंही लोक ऐकतात पण भीतीने, तो समोरून हलला की शिव्या घालतात. ती नुसती सत्ता. आदेश देणाऱ्याला तो द्यायचा हक्क आहे असं ऐकणाऱ्याला मनातून वाटणं, ती अधिमान्यता.

प्रतिसाद ३
+१. वेबरच्या १९१९ च्या म्युनिकमधल्या भाषणात मक्तेदारी नुसत्या बळाची नाहीये, "अधिमान्य" बळाची आहे. तुम्ही तोच शब्द गाळलात. गुंडाकडेपण बळ असतंच की.

धागाकर्ती
अय्या, हो! पेन्सिल घेऊन बसले, पहिल्या प्रकरणात सतरा ठिकाणी "संस्था" लिहिलं, तीन ठिकाणी बसेना, तिथे घटकराज्य निघालं. सगळ्यांना थँक्यू. आता एकच, "फरक स्पष्ट करा"मध्ये पाटलाचं उदाहरण लिहिलं तर पेपर तपासणारे मार्क कापतील का? कोणी लिहिलंय का आधी?