पहिले प्रवाळ कोणते असावे?

आपली समुद्री मत्स्यालयाची टाकी जेमतेम तीन महिन्यांची असताना पहिले प्रवाळ म्हणून अ‍ॅक्रोपोरा (फांद्या असलेले दगडी प्रवाळ) घ्यावा काय, असे आपण विचारले आहे; माझे मत नकारार्थी आहे. अ‍ॅक्रोपोराला तीव्र प्रकाश आणि जोरदार प्रवाह तर लागतोच, परंतु त्याहूनही अधिक लागते ते पाण्याचे स्थैर्य, कारण सांगाडा बांधताना तो पाण्यातील कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल शमवण्याची क्षमता) सतत खर्च करीत असतो आणि नव्या टाकीत अल्कलिनिटी अचानक वरखाली झाली, तर त्याच्या फांद्यांवरील जिवंत थर सोलून निघू लागतो. तापमान 25 ते 26 अंशांवर टिकते का, हे उन्हाळ्यात पाहून मगच त्याचा विचार करावा.

तूर्त मशरूम, सार्कोफायटॉन किंवा झोअँथिड या दगडी सांगाडा नसलेल्या प्रकारांपासून आरंभ करावा. झेनियाही (हेही मऊ प्रवाळ) तग धरतो, मात्र तो इतका पसरतो की त्याला स्वतंत्र दगडावर ठेवणेच शहाणपणाचे. झोअँथिड हाताळताना हातमोजे आणि चष्मा वापरावा, आणि ते चिकटलेला दगड कधीही उकळू नये. त्यांच्यापैकी काहींत, विशेषतः पॅलिथोआमध्ये, पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असते.

मालवणहून एखादा तुकडा आणण्याची आपली कल्पना मात्र सोडून द्यावी. दगडी प्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, त्यामुळे समुद्रातून ते काढणे हा गुन्हा ठरतो. विक्रेत्याकडूनही प्रवाळाच्या उगमाची कागदपत्रे आधी मागावीत.