नवतपा अन् लॅपटॉपचा पंखा (सोसायटीच्या ग्रुपवरून)

३०२ काकू: कोणाला लॅपटॉपचं कळते का? पंखा असा घोंघावून राहिला की कूलरही त्याच्यापुढे गरीब. मागच्या दिवाळीत घेतला. पोट्टा म्हणते, व्हायरस असन.

१०४ काका: दुकानात दाखवा. माझा साफ करून दिला होता, ८०० रुपये घेतले.

४०१ दादा: थांबा काकू. विंडोज ११ आहे न? सेटिंग्ज, सिस्टिम, मग पॉवर अँड बॅटरी. पॉवर मोडसमोर काय दिसते?

३०२ काकू: बेस्ट परफॉर्मन्स. म्हणजे चांगलंच न?

४०१ दादा: तिथंच घोळ आहे. पोट्ट्यानं गेमसाठी केलं असन. या मोडमध्ये प्रोसेसर जरा काम दिसलं की वेग चढवते. वेगासाठी व्होल्टेज वाढवावं लागते, अन् वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबानं खर्च होते, म्हणजे व्होल्टेज दुप्पट तर वीज चौपट. म्हणून शेवटचा थोडासा वेग जाम महाग पडते, अन् ती सगळी वीज उष्णता होऊन बाहेर येते. वरून नवतपा, मे अखेरचे सगळ्यात तापणारे नऊ दिवस. खोलीतच ३८-४० असताना पंखा थंड हवा आणणार कुठून? इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉप चिपा १०० अंशांजवळ गेल्या की आपला वेग आपणच कमी करतात. बॅलन्स्ड करा. झूम, एक्सेल, रिटर्न भरणं, काही फरक कळणार नाही.

१०४ काका: माझ्याकडे तो पॉवर मोड बदलतच नाही बाप्पा.

४०१ दादा: कधी कंट्रोल पॅनलमध्ये हाय परफॉर्मन्स प्लॅन लावला होता का? तो आधी बॅलन्स्ड करा, मग हे हलते. एकाच गोष्टीच्या दोन चाव्या काऊन ठेवल्या, मायक्रोसॉफ्टलाच माहीत.

२०५ ताई: अन् लाइट गेली तर? माझी मीटिंग असते.

४०१ दादा: बेस्ट पॉवर एफिशियन्सी. पण स्क्रीनचा उजेडही उतरवा ताई, नुसत्या मोडवर भागत नाही.

५०३ भाऊ: माझ्याकडे विंडोजच्या जागी उबुंटू आहे, त्यात वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या मेनूतच आहे, पॉवर मोड. एक गंमत सांगतो. लेनोवोच्या काही थिंकपॅड लॅपटॉपना मांडी ओळखता येते. मांडीवर घेतला की परफॉर्मन्स निवडलं तरी पूर्ण जोर लावत नाही, पाय भाजू नये म्हणून. टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, 'लॅप डिटेक्टेड' (मांडी सापडली) लिहून येते. मला वाटलं सॉफ्टवेअरच बिघडलं, दोन दिवस ड्रायव्हर शोधत बसलो होतो!

१०४ काका: 😂😂 टेबल घ्या एक.

सेक्रेटरी: टँकर ५ वाजता येऊन राहिला. खालच्या गाड्या काढा. लॅपटॉप नंतर.

३०२ काकू: केलं बॅलन्स्ड. पाच मिनिटांत चूप झाला. आता पोट्टा म्हणते गेम अडकते.

४०१ दादा: गेमपुरतं बेस्ट परफॉर्मन्स करू द्या, पण चार्जर लावून. अन् गादीवर नको, खालची जाळी बुजते.

३०२ काकू: त्याचे पेपर चालू आहेत. चार्जर मी कपाटात ठेवलं, चावी माझ्याजवळ.

सेक्रेटरी: पांढरी गाडी कोणाची आहे???