एडिटरमध्ये मागच्या जागेवर परत यायला खूण आपण करावी, की उड्यांची यादी पुरते?

अंत्रुजी, फोंडा
जत्रेत होणाऱ्या नाटकांच्या जुन्या हस्तलिखित वह्या आम्ही काही जण साध्या टेक्स्ट फाइलींत टंकून ठेवतो आहोत. नाटक तीन अंकी, फाइल एकच. तिसऱ्या अंकात दुरुस्ती करताना एखाद्या पात्राचे नाव पहिल्या अंकात ऱ्हस्व आहे की दीर्घ, हे बघायला वर जावे लागते आणि मग सोडलेल्या ओळीवर परत यायचे असते. कसे यावे यावरून आमच्यात वाद आहे.

माझे मत ठाम आहे. खूण आपण करावी. विम या कळफलकावरूनच चालणाऱ्या टेक्स्ट एडिटरमध्ये आज्ञा देताना 'एम' आणि पाठोपाठ एखादे अक्षर दाबले की झाली. एकेरी अवतरणचिन्ह व तेच अक्षर दाबले की ती ओळ मिळते, बॅकटिक (` हे चिन्ह) दाबला तर नेमकी जागा. लहान अक्षराची खूण त्या फाइलीपुरती. मोठ्या अक्षराची दुसऱ्या फाइलीतूनही तिथे नेते, म्हणून पात्रयादीला मी मोठा 'पी' दिला आहे. वर नवे संवाद घातले तरी खूण आपल्या ओळीबरोबर खाली सरकते. मी कुठे कुठे फिरलो हे यंत्राला ठाऊक असते. त्यातली कुठली जागा मला हवी आहे, हे त्याला कसे कळणार?

कोड-पर्वरी
अजिबात पटत नाही. परत यावे लागेल हे बहुतेक वेळा पुढे गेल्यावरच कळते. कोड वाचताना एका फंक्शनच्या व्याख्येवर उडी, तिथून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या. प्रत्येक वेळी थांबून कोण खूण करत बसणार? कंट्रोल-ओ मागे नेतो, कंट्रोल-आय पुढे. शेवटच्या 100 उड्यांची यादी विम आपणहून ठेवतो. शेवटचे बदल केलेल्या जागी जायचे तर 'जी' आणि अर्धविराम. तुमच्या कामाला तर दोनदा बॅकटिक पुरेसा आहे, तो उडीआधीच्या जागी नेतो.

अंत्रुजी, फोंडा
एकच शोध घेतला तर पुरेसा आहे. पण मी नाव शोधतो आणि 'एन' (पुढचे सापडलेले दाखवणारी कळ) दाबत दाबत ते सगळ्या प्रवेशांत बघत जातो. तो प्रत्येक 'एन' यादीत उडी म्हणून चढतो. मग दोन बॅकटिक मला फक्त आधीच्या सापडलेल्या नावावर नेतात, आणि कंट्रोल-ओने एकेक पायरी मागे यावे लागते. उलट ओळीओळीने खाली सरकत गेलो तर त्याची नोंदच होत नाही.

मुद्रितशोधक, म्हापसा
जूनमध्ये वीज गेली की काय करता? विम या खुणा आणि उड्या विमइन्फो या आपल्या नोंदींच्या फाइलीत लिहितो तो बाहेर पडताना. अचानक बंद पडल्यावर स्वॅप फाइलीतून (काम चालू असताना विम ठेवतो त्या तात्पुरत्या प्रतीतून) मजकूर मिळतो, त्या बैठकीतल्या खुणा नाही. शिवाय ओळच खोडली तर तिची लहान अक्षराची खूणही गेली. मी मजकुरातच '@@' टाकतो आणि शोधतो. कुठल्याही संगणकावर, कुठल्याही एडिटरात चालते.

कोड-पर्वरी
आणि छापायला जाताना ते '@@' आत राहिले तर? मजकुरात उपरे काही घालणे मला धोक्याचे वाटते.

मुद्रितशोधक, म्हापसा
शेवटी एकदा शोधून शून्य सापडले की फाइल पुढे जाते. त्याशिवाय मी पाठवतच नाही.

पेडण्याची मास्तरीण
मराठी टंकणाऱ्यांची खरी अडचण कोणीच बोलत नाही. संगणकाचा इन्स्क्रिप्ट (देवनागरी टंकायचा) कळफलक चालू असताना 'एम'ची कळ दाबली तर विमला 'स' मिळतो. खूण होत नाही, आणि दर वेळी कळफलक बदलायचा म्हणजे लिहिण्याची लय तुटते. मी इमॅक्स हा दुसरा एडिटर वापरते. त्याची इन्स्क्रिप्ट पद्धत त्याच्या आतच आहे, त्यामुळे मराठी चालू असतानाही कंट्रोलच्या आज्ञा तशाच चालतात. त्यातल्या खुणेला, म्हणजे बुकमार्कला, 'अंक २, राजवाडा' असे मराठी नाव देता येते. तो आजूबाजूचा थोडा मजकूरही जपतो, म्हणून फाइल दुसऱ्या कोणी बदलली तरी जागा बहुधा सापडते. बुकमार्क केल्या क्षणीच डिस्कवर लिहायची सोयही सेटिंगमध्ये आहे.

अंत्रुजीबाब, तुमचे म्हणणे मला मान्य आहे, पण एका अक्षराची खूण करणाऱ्यालाच कळते. वह्या तुम्ही चार जण मिळून टंकता ना?

अंत्रुजी, फोंडा
हो, पण खुणा ज्याच्या त्याच्या संगणकावर असतात. सगळ्यांना लागणाऱ्या जागांसाठी अंक-प्रवेशाचे मथळे आहेतच, ते शोधले की झाले. विजेचे म्हणाल तर बाहेर न पडताही विमइन्फो लिहून घ्यायची आज्ञा आहे, ती मी फाइल जतन करण्याला जोडून टाकतो. कळफलकासाठी विमचा स्वतःचा 'कीमॅप' पर्याय आहे. त्यात मराठी फक्त लिहिताना लागते, आज्ञा देताना इंग्रजी कळाच राहतात. '@@' मात्र वहीच्या मजकुरात घालणार नाही.